एबीएस युनिट : बदलण्याआधी आणि बदलताना

मोठ्या एसयूव्हीच्या मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला की गॅरेजमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "चालवा हो साहेब, ब्रेक लागतोय ना?" आणि दुसरं, "युनिट गेलंय, बदलावं लागेल." पहिलं अर्धंच खरं असतं, दुसरं बऱ्याचदा घाईचं. या दोहोंच्या मध्ये दोन-तीन तासांचं तपासणीचं काम आहे. ते कुणी केलंच नाही, तर पाच आकडी आणि काही गाड्यांत सहा आकडी बिल भरून झाल्यावर चौथ्या दिवशी तोच दिवा पुन्हा डोळे मिचकावतो.

पुण्याजवळच्या आपल्या तळवड्यात हा विषय परका नाही. इंद्रायणीपलीकडे निघोज्याला महिंद्राचा कारखाना आहे. एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन तिथल्याच. पिंपरीत टाटांच्या हॅरियर आणि सफारी बनतात. चाकणला बॉशचा ब्रेकच्या भागांचा कारखाना आहे, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'कल्याणी ब्रेक्स'. रुपीनगर, ज्योतिबानगर, त्रिवेणीनगरच्या शेडमध्ये व्हीएमसीवर अ‍ॅल्युमिनियमचे ब्लॉक काढणाऱ्या माणसाला 'हायड्रॉलिक ब्लॉक' म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. आडव्या-उभ्या भोकांचं जाळं, मायक्रॉनमधले टॉलरन्स, आत कचरा गेला तर जॉब रिजेक्ट, हे सगळं त्याच्या रोजच्या कामातलं. गंमत अशी की हाच माणूस स्वतःच्या गाडीचा दिवा लागला की स्कॅनरवाल्याच्या पहिल्याच वाक्यावर मान डोलावतो.

गाडी वॉरंटीत असेल तर पुढचं सारं वाचून समजून घ्या, पण पान्याला हात लावू नका. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. हा लेख मुख्यतः वॉरंटी संपलेल्यांसाठी आहे : जुनी सफारी स्टॉर्म, एक्सयूव्ही ५००, पहिल्या पिढीची फॉर्च्युनर. आणि त्याहून जास्त, कंपनीच निघून गेलेल्यांसाठी. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला, २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली आणि पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली. २०१५ मध्ये थायलंडहून आयात होऊन आलेली ट्रेलब्लेझर किंवा त्याआधीची कॅप्टिव्हा ज्यांच्या दारात आहे, त्यांना सुटा भाग मिळवणं म्हणजे काय ते विचारा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून एन्डेव्हरवालेही त्याच रांगेत उभे आहेत. (आपल्याकडचा कॅनबे चौक आठवतो. कॅनबे ही कंपनी २००७ मध्ये कॅपजेमिनीत विरून गेली, चौकाचं नाव मात्र राहिलं. गाड्यांचंही तसंच.) अशा गाडीत चुकीचा भाग बदलण्याची चैन परवडत नाही.

दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

फक्त पिवळा एबीएसचा दिवा लागला असेल तर साधा ब्रेक शाबूत आहे. जोरात पाय दिला तर चाक लॉक होणार नाही याची हमी तेवढी गेली. वेगाचा, पाण्याचा आणि पुढच्या ट्रकपासूनच्या अंतराचा हिशेब ठेवून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते.

पिवळ्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर 'चालवा हो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आधी बोनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि हँडब्रेक पूर्ण सुटलाय ना, तेही. दोन्ही ठीक असूनही लाल दिवा जात नसेल, तर बहुधा ईबीडीसुद्धा बंद पडलेलं असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांना किती दाब द्यायचा, ही वाटणी तेच करतं. जोरात ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. वाटणी करणारं कुणी नसेल तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी बूड फिरवते. दोन-अडीच टनांची उंच गाडी, पावसात निसरडा झालेला देहू-आळंदी रस्ता आणि मागे सळयांचा ट्रेलर, असा योग जुळू देऊ नये. ती गाडी टोइंग करून न्यावी.

याशिवाय स्पीडोमीटर मेला, क्रूझ चालेना, हिल होल्ड गेलं, फोर बाय फोरचा दिवा लागला, असे सगळे एकदम आले तरी घाबरायचं कारण नाही. चाकाच्या वेगाची माहिती बऱ्याच गाड्यांत एबीएसचं युनिटच बाकीच्यांना पुरवतं. ते गप्प झालं की बाकीचे सगळे तक्रार करतात. दुखणं एकच असतं.

युनिट म्हणजे नेमकं काय

मूठभर माहिती इथे लागेल. १९७८ मध्ये बॉशने मर्सिडीज एस-क्लाससाठी इलेक्ट्रॉनिक एबीएस बाजारात आणलं, तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. चार चाकांचे चार सेन्सर वेग सांगतात. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा झपाट्याने मंद होऊ लागलं की युनिट त्या चाकाचा दाब अडवतं, सोडतं, पुन्हा देतं, आणि हे सेकंदात अनेक वेळा. पायाखाली पेडल थरथरतं ते यामुळे. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. मोठ्या एसयूव्हींच्या वरच्या मॉडेलमध्ये ते त्याच्या बरंच आधीपासून होतं.

हे युनिट दोन तुकडे एकमेकांना जोडून बनलेलं असतं. एक अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, ज्याच्यात व्हॉल्व्ह आणि छोटा पंप असतो आणि बाहेर मोटर लागलेली असते. साध्या चार चॅनेलच्या एबीएसमध्ये आठ व्हॉल्व्ह, ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असेल तर बारा. दुसरा तुकडा म्हणजे प्लास्टिकच्या डब्यातला ईसीयू, युनिटचा इलेक्ट्रॉनिक मेंदू. व्हॉल्व्हच्या कॉइल याच डब्यात असतात आणि त्या व्हॉल्व्हच्या दांड्यांवर टोपीसारख्या बसतात. यातला कोणता तुकडा गेलाय, हे कळणं पैशाच्या दृष्टीने फार मोलाचं. ब्लॉक सहसा टिकतो. जातो तो ईसीयू : उन्हाळ्यात बोनेटखालची भट्टी, पावसाळ्यात ओल, खड्ड्यांचे हादरे, आणि मग आतल्या बारीक जोडतारा किंवा टाके सुटतात.

आरोप सिद्ध करा

स्कॅनर कोड देतो. कोड म्हणजे संशयिताचा पत्ता असतो, गुन्हेगाराचं नाव नव्हे. 'पंप मोटर सर्किट' असा कोड आला तर मोटर, तिचा रिले, तिचा फ्यूज, तिची अर्थिंग, यांतलं काहीही असू शकतं. म्हणून आधी सगळे कोड कागदावर उतरवून घ्या किंवा फोटो काढा, मगच पुसा. आणि गाडी एक फेरी मारून आल्यावर कोणते परत येतात ते बघा. कोड न लिहिताच पुसणारा कारागीर हुशार असला तरी तुमच्या कामाचा नाही.

सुरुवात बॅटरीपासून. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही. युनिटला व्होल्टेज कमी पडलं की ते स्वतःला बंद करून घेतं आणि दिवा लावतं. मोठ्या डिझेल इंजिनला सुरू होताना बॅटरी चेपते. ती चार-पाच वर्षांची असेल तर सकाळी पहिल्या स्टार्टला दिवा लागतो आणि दुपारी गायब होतो. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट मिळतात का बघा. बॅटरीची लोड टेस्ट करा. कितीतरी 'गेलेली' युनिटं इथेच सुधारतात.

मग फ्यूज. एबीएसला साधारणपणे दोन मोठे फ्यूज असतात, एक मोटरचा, एक व्हॉल्व्हचा, आणि इग्निशनचा एक लहान. नुसता काढून डोळ्यांनी बघून भागत नाही. फ्यूजच्या जागी येणारं व्होल्टेज, शक्य असेल तर हेडलाइटचा बल्ब लावून, म्हणजे भार देऊन मोजायचं. मीटर एकटा असताना कुजक्या वायरमधूनही बारा व्होल्ट दाखवतो. आणि फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवणं ही गॅरेजमधली सगळ्यात धोकादायक 'आयडिया' आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत मिळून सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. कारण असं की एबीएस युनिटमध्ये आतल्या आत ब्रेक ऑइल झिरपून शॉर्ट होऊन, उभ्या गाडीलाही आग लागण्याची शक्यता होती. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर लावा, असं मालकांना सांगितलं गेलं. आणि दुरुस्ती काय, तर फ्यूज बदलणं. त्या फ्यूजचं मोल यावरून ओळखा.

यानंतर अर्थिंग, आणि इथे थोडं थांबू. मोटर चालू होते तेव्हा भरपूर करंट खेचते आणि तो सगळा एका जाड तारेतून चासीच्या एका बोल्टला जातो. त्या बोल्टखाली गंज, रंग किंवा चिखल बसला की युनिटच्या दृष्टीने मोटर 'आजारी'. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत पेंटरने अर्थिंगच्या जागेवरही रंग मारलेला असतो. गाडी चकचकीत दिसते आणि महिन्याभराने दिवा लागतो. तपासण्याची पद्धत सोपी : मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं युनिटच्या अर्थिंगच्या पिनला, आणि स्कॅनरवरून मोटर चालवायची. मोटर चालू असताना शून्य पूर्णांक दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तार आणि बोल्ट साफ करा. ओहम मोजून हे कळत नाही, कारण जाड तारेची एकच नस शाबूत असली तरी ओहम चांगलेच येतात.

युनिटचा कपलर काढा. पिनवर हिरवट-पांढरी साय दिसली तर पाणी शिरलेलं आहे. बोनेट उघडून प्रेशरने इंजिन धुण्याची हौस आपल्याकडे दांडगी आहे. ती हौस या कपलरला महागात पडते. पिन कोरड्या असूनही तेलकट वाटल्या, तर ब्रेक ऑइल आतून झिरपून कपलरपर्यंत आलंय. त्या युनिटवर वेळ घालवू नका, ते खरंच गेलं आहे. आणि सोसायटीच्या तळमजल्यावर आठवडाभर उभी राहणारी गाडी असेल तर उंदीर. हार्नेसचं आवरण कुरतडलेलं, एक तार अर्धी तुटलेली, हा प्रकार पावसाळ्यात जास्त.

चाकाकडे बघा

युनिटवर आलेला आळ बऱ्याचदा चाकापाशी सापडतो. याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००५ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे आठ लाख पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही परत बोलावल्या. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पुढच्या हबवर, सेन्सरच्या बैठकीखाली गंज धरत होता. गंजाच्या थराने सेन्सर वर उचलला जायचा, सिग्नल कमकुवत व्हायचा, आणि थांबता थांबता अगदी कमी वेगात एबीएस विनाकारण सुरू होऊन थांबायचं अंतर वाढायचं. उपाय होता सेन्सर काढून बैठक घासणं आणि गंजरोधक लावणं. युनिटला हातही लावायचा नव्हता.

आपल्याकडे मीठ नाही, पण लोखंडाचा कीस आहे. लेथ आणि ग्राइंडिंगच्या शेडबाहेर रोज उभी राहणारी, स्क्रॅपच्या ट्रॉलीमागून जाणारी गाडी चाकाजवळ काय काय गोळा करते ते सेन्सर काढल्यावर दिसतं. सेन्सरच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर दाढी उगवलेली असते. पुसली की काम झालं.

तपासणी अशी करा. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकदम, आलेखाच्या रूपात लावा आणि दुसऱ्याला गाडी वीस-पंचवीसच्या वेगाने सरळ चालवू द्या. तीन रेषा एकमेकींवर आणि चौथी अधूनमधून खाली पडत असेल, तर गुन्हेगार त्या चाकाशी आहे. सेन्सर, त्याची तार, रिंग किंवा हब बेअरिंग. चारही एकदम पडत असतील तरच युनिटचा किंवा पुरवठ्याचा विचार.

दोन बारकावे, जे चांगल्या कारागिरांकडूनही सुटतात. जुन्या पद्धतीच्या दोन तारांच्या सेन्सरला ओहम मोजता येतात, साधारण हजाराच्या आसपास येतात. नव्या सेन्सरला युनिट स्वतः वीज पुरवतं आणि तो करंटच्या चढउतारातून वेग सांगतो. त्याला ओहममीटर लावून 'ओपन दाखवतोय, सेन्सर गेला' म्हणणं चूक. त्याला पुरवठा येतोय का ते बघायचं असतं. दुसरं, आजकालच्या बऱ्याच हब बेअरिंगमध्ये रिंग दिसतच नाही. बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टे असतात. बेअरिंग उलट बसवलं की पट्टे चुकीच्या बाजूला जातात आणि सेन्सर आंधळा होतो. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच एबीएसचा दिवा लागला असेल, तर युनिटची किंमत विचारूच नका.

टायरचंही बघा. मोठी गाडी घेतली की टायर आणखी रुंद, आणखी उंच बसवायची आपल्याकडे रीत आहे. चार टायर एकाच मापाचे असतील तर युनिट एकवेळ चालवून घेतं. दोन नवे आणि दोन गुळगुळीत, किंवा स्टेपनी वेगळ्या मापाची, म्हणजे त्या चाकाचा वेग कायम वेगळा दिसणार.

हे सगळं स्वच्छ निघालं आणि स्कॅनरला युनिट सापडतच नसेल, 'यू ०१२१' सारखा संपर्क तुटल्याचा कोड येत असेल, तर शेवटची परीक्षा. बॅटरी सोडा, स्कॅनर लावायच्या ओबीडी सॉकेटच्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. साठच्या आसपास आले तर बहुतेक गाड्यांत संवादाच्या दोन तारा ठीक आहेत. पुरवठा आहे, अर्थिंग आहे, तारा ठीक आहेत, तरी युनिट बोलत नाही : आता आरोप सिद्ध झाला.

काय आणायचं

फक्त ईसीयू गेला असेल आणि तुमच्या गाडीचा ईसीयू सुटा मिळत असेल, तर तोच घ्यावा. हायड्रॉलिक ब्लॉक गाडीतच राहतो, एकही ब्रेक पाइप सुटत नाही, हवा काढायची गरज पडत नाही. काम निम्म्यावर येतं. ईसीयू दुरुस्त करून देणारे पुण्यात आणि आपल्या पट्ट्यातही आहेत. जोडतारा किंवा टाके सुटले असतील तर दुरुस्ती मला मान्य आहे. पाणी किंवा ऑइल आत गेलं असेल तर नाही. सर्किट बोर्डावरचा गंज साफ झाल्यासारखा दिसतो आणि सहा महिन्यांनी परत डोकं वर काढतो. ब्लॉक उघडून 'साफ करून' देतो म्हणणाऱ्याला मात्र हात जोडा.

जुना भाग घ्यायचा झाला तर ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा : बाहेरून सारखं दिसणारं युनिट सारखं असतंच असं नाही. एकाच मॉडेलच्या टू व्हील आणि फोर व्हील ड्राइव्हचं, ईएससी असलेल्या आणि नसलेल्या गाडीचं युनिट वेगळं असतं. लेबलवरचा पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळवा. बिल घ्या, कोणत्या गाडीतून निघालं ते बिलावर लिहून घ्या; चोरीच्या गाडीचे भाग फिरत असतात. भंगार म्हटलं की इथे पहिलं नाव कुदळवाडीचं निघायचं, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. मग 'माझ्या ओळखीचा तिथला माणूस' आता कुठे बसतो, ते आधी फोन करून विचारा. अपघातातल्या गाडीचं युनिट चालतं; पाण्यात बुडालेल्या गाडीचं घेऊ नका.

बदलताना

हे काम गॅरेजचं आहे, सोसायटीच्या पार्किंगमधलं नव्हे. मालकाने शेजारी उभं राहून बघावं, प्रश्न विचारावेत.

पाना लावण्याआधी जुन्या युनिटमधला डेटा स्कॅनरवर वाचून घ्यायचा. ते अजून थोडंफार बोलत असेल तर ही संधी पुन्हा सहजी मिळत नाही. त्यात चासी नंबर, इंजिन-गिअरबॉक्सचा प्रकार, टायरचं माप अशी गाडीची कुंडली असते आणि नव्या युनिटला तीच द्यावी लागते. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा.

नुसता ईसीयू बदलायचा असेल तर आधी ब्लॉक आणि ईसीयूची फट हवेने, ब्रशने स्वच्छ करा. वेगळे करताना त्या फटीतली धूळ कॉइलच्या भोकांत पडायला नको. स्क्रू लहान टॉर्क्स माथ्याचे असतात आणि अॅल्युमिनियममध्ये बसलेले असतात. माथा घासला तर तास वाढतात. नवा ईसीयू व्हॉल्व्हच्या दांड्यांवर सरळ, समांतर खाली आणायचा. वाकडा दाबू नका. स्क्रू क्रमाने, तिरके-समोरासमोर, टॉर्क पान्याने. सील जुनी वापरू नका.

पूर्ण युनिट बदलायचं असेल तर खरी परीक्षा पाइपांची. ब्लॉकला मास्टर सिलेंडरकडून येणारे दोन आणि चाकांकडे जाणारे चार, असे सहा पाइप असतात. प्रत्येकाला आधी चिठ्ठी बांधा आणि मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढा. साधा ओपन पाना त्या नटांना लावू नका. फ्लेअर नट पाना लागतो, जो नटाला जवळजवळ पूर्ण वेढा घालतो. कोपरे गेलेला नट म्हणजे पुढे पाइपच बदलणं. पेडल इंच-दीड इंच दाबून सीटला टेकवलेल्या काठीने तसंच अडवून ठेवलं तर बहुतेक मास्टर सिलेंडरमध्ये वरच्या डबीतून ऑइल खाली उतरायचं थांबतं. पाइप सुटला की लगेच बूच लावायचं. नवं युनिट बहुधा आतून ऑइल भरून, भोकांना बुचं लावून येतं. ती बुचं शोभेची नाहीत, पाइप हातात असेल तेव्हाच एकेक काढा. नट पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवा. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा. ते रंग उचलतं.

पाइप अदलाबदल झाले तर काय होतं? साध्या ब्रेकला काहीच होत नाही, गाडी ट्रायलला छान थांबते, कोडही येत नाही. ज्या दिवशी डावं चाक घसरेल त्या दिवशी युनिट उजव्याचा दाब सोडेल. म्हणून जोडणी झाल्यावर एक चाचणी केलीच पाहिजे, आणि मालकाने ती मागून घ्यावी. गाडी लिफ्टवर किंवा चार घोड्यांवर घ्या, एकाने पेडल दाबून धरायचं, स्कॅनरवरून एकेका चाकाचा व्हॉल्व्ह सोडायचा आणि दुसऱ्याने तेच चाक हाताने फिरतंय का बघायचं. पुढचं डावं म्हटलं की पुढचं डावंच फिरलं पाहिजे.

हवा काढणं तीन टप्प्यांत. आधी नेहमीसारखी, निपलला पारदर्शक नळी लावून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या चाकांच्या क्रमाने. मग स्कॅनरमधली एबीएसची हवा काढण्याची प्रक्रिया, ज्यात युनिट स्वतःचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवून आत अडकलेली हवा बाहेर ढकलतं. मग पुन्हा नेहमीसारखी. मधला टप्पा वगळला तर पेडल गॅरेजमध्ये ठीक वाटतं आणि एबीएस पहिल्यांदा चालल्यावर मऊ पडतं. ऑइल सीलबंद डब्यातलं, टोपणावर जे लिहिलंय तेच. डॉट ४ असेल तर डॉट ४ : ताजं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर १५५ च्या आसपास, म्हणून उघडा पडलेला अर्धा डबा वापरू नका. सिलिकॉनचं डॉट ५ एबीएसच्या गाडीत अजिबात नको, डॉट ५.१ वेगळं, नावाला फसू नका.

कोडिंग करताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा. अर्ध्यावर व्होल्टेज पडलं तर नवं युनिट लिहिता लिहिताच बसतं. कुंडली भरून झाली की स्टिअरिंगच्या कोनाचा शून्य, कल आणि वळण मोजणाऱ्या सेन्सरचा शून्य, दाबाच्या सेन्सरचा शून्य, जे तुमच्या गाडीत असेल ते. यासाठी गाडी सपाट जमिनीवर आणि चाकं सरळ हवीत. गॅरेजची फरशी उतरती असेल तर गाडी बाहेर काढा; नाहीतर पुढे सरळ रस्त्यावरही ईएससीला गाडी वळतेय असं वाटत राहतं.

ट्रायल

आधी उभ्या गाडीवर. इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर गाडी हलवायची नाही. खालून सहाही नट कोऱ्या कागदाने टिपून बघा.

रस्त्यावरची ट्रायल कॅनबे चौकाच्या बाजूला संध्याकाळी शिफ्ट सुटताना मारायची गोष्ट नाही. आपल्या पट्ट्यात गुरुवारी बरेच कारखाने बंद असतात. एमआयडीसीचा एखादा आतला, सरळ, रिकामा रस्ता त्या दिवशी सकाळी मिळतो. इग्निशन दिल्यावर दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. अजिबातच न लागणं हेही वाईट; कुणी बल्बच काढलेला असू शकतो. गाडी हलल्यावर पहिल्या काही मीटरांत बोनेटखालून छोटीशी 'घर्र' ऐकू येते, ती युनिटची स्वतःची तपासणी. मग तीसच्या वेगाने, बारीक खडी किंवा ओल्या पॅचवर एकदा जोरात ब्रेक. पेडल थरथरेल, घाबरून पाय उचलू नका, दाबूनच ठेवा. गाडी सरळ रेषेत थांबली का, ते मागून दुसऱ्याने बघावं.

शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर गाडी परत गॅरेजमध्ये नेऊन नट आणि ऑइलची पातळी पुन्हा बघून घ्या. बिलावर नव्या युनिटचा पार्ट नंबर, वापरलेलं ऑइल आणि चाकवार चाचणी केल्याची नोंद लिहून मागा. आणि जुनं युनिट गॅरेजमध्ये सोडू नका. नव्याला काही झालं तर आतला डेटा त्यातूनच काढता येतो, आणि ट्रेलब्लेझर किंवा कॅप्टिव्हासारख्या गाडीचा शाबूत ब्लॉक तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाला तरी हवा असतो. सहाही भोकांना बुचं लावून, पिशवीत घालून, वर गाडीचं मॉडेल आणि साल लिहून ठेवा.